करिश्माची गिरण

धनेशनं लॅपटॉप उचलून कानाला लावला आणि शहाळ्यात पाणी किती ते बघावं तसा हलकेच हलवून पाहिला.

"ऐकलंस? आत काहीतरी घासतंय."

"अरे, हलवू नको. चालू आहे तो."

"चालू आहे म्हणूनच ऐकतोय ना. आई शप्पथ, आपला काँक्रीट मिक्सर बरा याच्यापेक्षा."

मिक्सरच्या बाबतीत धनेशच्या शब्दाला वजन होतं. रेती, खडी, विटा पुरवायचा त्याचा धंदा. कल्याण आणि डोंबिवलीच्या मधल्या पट्ट्यात कुठेही इमारत चढायला लागली की पहिला ट्रक त्याचा. आवाजातच जन्म गेलेला माणूस, पण त्यालासुद्धा हा आवाज टोचत होता, म्हणजे बघा. लॅपटॉप टेबलावर ठेवून तो बायकोकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"काल मीटिंगमध्ये तुझा साहेब काय बोलला, ऐकलं मी. 'करिश्मा, एअरपोर्टवर राहतेस का?' आणि सगळे खी खी करून हसले. माझ्या बायकोला हसतात म्हणजे काय?"

"मस्करी केली रे त्यांनी."

"ते काही नाही. विठ्ठलवाडीला आपला बंटी आहे ना, क्रिकेटमधला, त्याला दाखवू. फॅन गेलेत, दुसरं काय! दोन्ही बदलून टाकू, एकदम शांत होईल. दिवसभर डोकं उठत असेल तुझं, पण तू बोलणार नाहीस. तुझं हे असंच."

"चाललंय की," करिश्मा म्हणाली आणि लॅपटॉप बंद करून झाकण मिटलं.

आतले पंखे शेवटचे घरघरले आणि थांबले. खोलीत शांतता पसरते न पसरते तोच खालून सासऱ्यांची हाक आली.

"करिश्मा! गो बाय! च्याचं बघतंस का जरा?"

"बघ, टपूनच बसलेले," धनेश हसत म्हणाला.

करिश्माही हसली आणि केस बांधत खाली गेली. जिन्यात चुलत जाऊ वैशाली भेटली. तिला हळदीला नेसायच्या साडीचं विचारायचं होतं. ओट्यावर भाडेकरूंची तक्रार येऊन बसली होती. चहाला आधण ठेवेपर्यंत तिच्या नावानं घरातून आणखी हाका फिरून गेल्या.

या घरात हाकेला एक नियम होता, आणि तो करिश्मा सून म्हणून यायच्या कितीतरी आधीचा होता. तळमजल्याला, रस्त्याच्या अंगाला, तिच्या सासूची, तुळसाबाईंची, पिठाची गिरण होती. घरची भातशेती होती, खाडीच्या काठाला मिठागर होतं, तेव्हापासूनची. मग मिठागरावर भराव पडला, शेतात इमारती आल्या, सासरे काळुराम भाडेकरूंचे मालक झाले आणि घरावर मजले चढले. गिरण मात्र होती तिथेच राहिली. अख्ख्या गावाच्या तांदळाच्या भाकरीचं पीठ तिथून जायचं. एकदा गिरण चालू असताना काळुरामनी मागून हाक मारली, तुळसाबाई दचकून वळल्या आणि त्यांचा पदर पट्ट्यात गेला. दैव बलवत्तर म्हणून पदरावर निभावलं. त्याच दिवशी काळुरामनी घराला ताकीद दिली, की गिरणीची घरघर चालू आहे तोवर हाक मारायची नाही. आग लागली तरी आधी मेन स्विच पाडायचा, मग बोंब मारायची. तेव्हापासून 'गिरन चालू हाय' एवढं म्हटलं की आलेले पाहुणेसुद्धा ओट्यावर गप बसायचे. शिस्त म्हणजे शिस्त.

पुढे दुकानात पिठाच्या पिशव्या मिळायला लागल्या, तुळसाबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गिरण बंद झाली. आता वर्षातून एकदाच, दिवाळीच्या भाजणीला, तेवढी ती फिरते. जागा मोक्याची. मोबाइलवाला मागतो, केकवाला मागतो. काळुराम तर उठता बसता म्हणायचे, की देऊन टाकू. पण तुळसाबाईंनी किल्ली कमरेची सोडली नाही.

"अशी काय सोन्याची गिरन हाय ती?" काळुराम चिडवायचे. "आनि दलायची तरी किती सावकाश! पायलीभर तांदलाला ही अख्खी दुपार लावायची. लोकांची गिरन भाकरीपुरती चालते, हिची उगीच चालायची."

गिरणीबद्दल तुळसाबाई एकच गोष्ट सांगत, आणि दरवर्षी भाजणी दळायला बसलं की सगळ्या सुनांना पुन्हा पुन्हा ऐकवत. दाणा संपला की हात लगेच बटणावर गेला पाहिजे.

"रिकामी गिरन फिरवू नये. दगड दगडाला खातो."

गिरण थांबली, पण नियम घराच्या अंगात मुरलेला राहिला. करिश्मा लग्न होऊन आली ती आपली नोकरी घेऊनच. दवाखान्यांचे कागद वाचून त्यांवर आजारांचे कोड टाकायचं काम, घरी बसूनच. वरच्या मजल्यावरची मागची खोली तिला मिळाली. आधी आधी तिचं काम कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. पोरगी काचेसमोर बसलीय, बोटं हलवतेय, याला काम कसं म्हणायचं? कुणीही यावं, दार ढकलावं, पलंगावर बसावं. मग खाडीवरची धूळ आणि धनेशच्या कपड्यांवरून आलेलं सिमेंट लॅपटॉपच्या पोटात जाऊन बसलं, आणि एक दिवस पंखे घरघरायला लागले. काळुराम काहीतरी सांगायला वर आले होते. दाराशी थबकले, आवाज ऐकला आणि आल्या पावली खाली गेले.

"तिची गिरन चालू हाय," त्यांनी ओट्यावर जाहीर केलं.

सगळे हसले. पण कुणी हाक मारली नाही. तेव्हापासून लॅपटॉपचं नाव पडलं करिश्माची गिरण. घरघर आहे म्हणजे काम आहे, घरघर नाही म्हणजे सून मोकळी आहे, असा साधा हिशेब होता.

आता खरं सांगायचं तर त्या घरघरीचा आणि कामाचा काडीचाही संबंध उरला नव्हता. बटण दाबलं की पंखे ओरडायचे, मग काम असो नसो. करिश्माचं काम दुपार कलताना संपायचं. ती सगळ्या फायली बंद करायची, ऑफिसला निरोप द्यायची, आणि लॅपटॉप तसाच चालू ठेवायची. मग खुर्चीवरून खाली घसरून खिडकीशी फरशीवर बसायची, गुडघ्यांना हाताची मिठी घालून. दिवे लागायची वेळ होईपर्यंत तो तास तिचा असायचा. अख्ख्या दिवसात तिच्या मालकीचं तेवढंच होतं.

तिला सासरचा जाच होता असं म्हणाल तर तसं मुळीच नव्हतं. माणसं जीव लावणारी होती. पण ती होती किती! सख्खी, चुलत, मावस, भाडेकरू, लग्नाची पत्रिका घेऊन आलेली, पत्रिका द्यायला निघालेली, हळदीचं ठरवायला आलेली आणि जेवून जा म्हटल्यावर खरंच जेवून जाणारी. करिश्माचं माहेर ठाण्याचं, खोपटचं, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीतलं. तिथे दिवसभर गाड्या गुरगुरायच्या, खिडक्या थरथरायच्या आणि घरातल्या घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. त्यामुळे कुणी फारसं बोलायचंच नाही. ती लहानपणी त्या गुरगुरीच्या आत बसून पुस्तकं वाचायची, भिंतीवरच्या पोपड्यांत डोंगर बघायची. मोठ्या आवाजाच्या पोटात एक निवांत जागा असते, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

खिडकीतून निळे प्लास्टिक घातलेले पत्रे दिसायचे, पलीकडे तिवरांची दाट झाडी आणि त्यापलीकडे खाडी. भरती आली की पाणी फुगून यायचं आणि उन्हात पांढरं व्हायचं. त्या पाण्याच्या मधोमध करिश्मानं एक घर बांधलं होतं. एकदम नाही, रोज थोडं थोडं. पहिल्या दिवशी नुसती फरशी होती, पाण्याला टेकलेली. मग एक भिंत आली. त्या भिंतीला खिडकी हवी की नको याचा विचार करण्यात तिचे बरेच दिवस गेले. शेवटी तिनं खिडकी ठेवली, पण दाराला कडी बाहेरून लावताच येणार नाही असं केलं. कौलं आली, त्यांवर बगळे उतरले. आत एक खुर्ची, एक कप, एक चादर. चादर कुणाला दाखवायची नव्हती म्हणून ती कशीही चालत होती. ओहोटी लागली की घर थोडं खाली जायचं, भरतीला वर यायचं, आणि आत बसलेल्या करिश्माला ते पाळण्यासारखं वाटायचं. तिथे तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं. बगळेसुद्धा तिच्याकडे बघायचे नाहीत.

त्या घरात ती कधीच कुणाला घेऊन गेली नाही. धनेशलाही नाही. हे मनात आलं की त्या रात्री ती त्याला एक भाकरी जास्तच वाढायची, कारण नवरा खरंच चांगला होता. पण दुसऱ्या दिवशी पंखे घरघरायला लागले की ती पुन्हा एकटीच तिथे जायची.

धनेश एकदा मनावर घेतलं की सोडणाऱ्यातला नव्हता. रविवारी त्यानं लॅपटॉप पिशवीत घातला, बायकोला गाडीवर मागे बसवलं आणि विठ्ठलवाडी गाठली. बंटीचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. त्यानं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि आतला राखाडी थर बघून शीळ घातली.

"वहिनी, भाकऱ्या थापता काय याच्यावर?"

"बोल ना, काय झालंय?" धनेश म्हणाला.

"दोन्ही फॅन गेलेत भाई. बेअरिंग संपली. आज ना उद्या जाम होणार. जाम झाले की हा तापणार, तापला की बोर्ड जळणार, आणि बोर्ड गेला की समजा राम नाम सत्य. नवीन टाकतो. पार्ट मागवावा लागेल, आला की फोन करतो. असला सायलेंट करून देईन, चालू आहे की बंद तेच कळणार नाही."

करिश्मानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"आणि नुसतं साफ केलं तर?"

"चालेल थोडे दिवस ढकलगाडी. पण आवाज राहील, वहिनी."

"राहील ना आवाज?"

तिनं हे इतक्या आशेनं विचारलं, की बंटीनं आधी तिच्याकडे आणि मग धनेशकडे बघितलं.

"लोक आवाज जावा म्हणून येतात माझ्याकडे," तो म्हणाला.

धनेशनं पार्ट मागवायला सांगितलं. बंटीनं तोवर धूळ तेवढी झटकून दिली. परत येताना रस्त्यात उसाचा रस घ्यायला ते थांबले. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात धनेश तिच्याकडे बघत राहिला.

"तुला नवीनच लॅपटॉप पाहिजे का? बोल ना. घेऊ."

"नको रे."

"मग झालंय काय? मी कधीचं बघतोय, फॅनचं नाव काढलं की तुझा चेहरा पडतो."

करिश्माच्या जिभेवर आलं होतं. पण सांगायचं कसं? मला हे माणसांनी भरलेलं घर तूच दिलंस, आणि मी मात्र तुझ्या पाठीमागे एक घर बांधलंय आणि त्यात तू नाहीस. चंद्र आणून दे म्हटलं तर हा ट्रक काढेल. अशा माणसाला हे बोलून दाखवायचं तिच्या जिवावर आलं.

"काही नाही. बर्फ जास्त आहे याच्यात," ती म्हणाली.

पार्ट यायला वेळ लागत होता आणि करिश्मा मनातल्या मनात म्हणत होती, की लागू दे. फॅनचा आवाज आता आणखी खरखरीत झाला होता. मधूनच तो अडखळायचा, मग पुन्हा लागायचा. खाडीतल्या घराला तिनं घाईघाईनं एक ओसरी काढली. राहून जायला नको.

आणि एका दुपारी, ती ओसरीवर पाय सोडून बसलेली असताना, पंखे खटकन थांबले.

इतकी शांतता झाली की तिला वैशालीच्या कुकरची वाफ ऐकू आली. मग खाली काळुराम खाकरले.

"करिश्मा! झाली का गो तुझी गिरन बंद? माजा चश्मा कुठं हाय?"

"करिश्मा, ब्लाउजचं माप देतेस ना?" ही वैशाली.

"भाभी, पानी नहीं आया ऊपर!" हा भाडेकरू.

ती उठली नाही. उठवेचना. खुर्ची रिकामी, पडदा काळा, आणि आपण फरशीवर, हे सगळं ध्यानात यायच्या आत दार ढकललं गेलं. दारात तुळसाबाई उभ्या होत्या. हातात सोललेल्या वालाची वाटी. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग सुनेकडे आणि मग खिडकीतून बाहेर. खाडीकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"आई, ते... काम झालेलं, म्हणून जरा..."

तुळसाबाई जिन्याकडे वळल्या.

"ती कामात हाय," त्या खणखणीत आवाजात खाली म्हणाल्या. "कोनी हाक मारू नका."

"पन आवाज तर येत नाय!" काळुराम.

"तुमचे कान गेले."

आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, अलगद, खालच्या कडेला हात लावून, म्हणजे ते करकरणार नाही.

करिश्मा बसल्या जागी भिजल्यासारखी झाली. लाज, भीती आणि आणखी काहीतरी, ज्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. तिनं लॅपटॉपला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. बंटीचं बोलणं आठवलं. बोर्ड गेला तर नोकरी अडेल, आणि नोकरीच नसेल तर या खोलीचं दार मिटायला काय कारण उरेल? दिवसभर ओट्यावर, सगळ्यांच्या मध्ये. फार नाही, दोनेक थापा मारल्यावर पंखे पुन्हा घरघरायला लागले, पण तिचं मन आता त्यात रमेना. जेवताना तुळसाबाईंनी तिला माशाची मधली तुकडी वाढली.

हात धुताना तिनं धनेशला विचारलं.

"पार्ट आला का, विचार ना बंटीला."

धनेशला कोण आनंद झाला. "बघ! मी बोललेलो ना!"

पार्ट आला. धनेश सकाळी लॅपटॉप घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणून मोठ्या थाटात टेबलावर ठेवून बटण दाबलं. मग ओठांवर बोट ठेवून त्यानं तिला जवळ ओढलं.

"ऐक."

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर!"

तो इतका खूश होता की करिश्मानंही त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. काळुराम वर येऊन बघून गेले, वैशाली बघून गेली. सगळ्यांचं म्हणणं पडलं की छान झालं, आता घर कसं घरासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. लॅपटॉप मुका झाला होता, आणि मुकं काम या घराला दिसत नव्हतं. सकाळीच काळुरामनी विचारलं, की आज सुट्टी का? मग वैशाली माप घ्यायला आली आणि पलंगावर बसून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगून गेली. धाकट्या नणंदेचा व्हिडिओ कॉल आला तो तिच्याच हातात देण्यात आला. गॅसवाला आला, भाडेकरू आले. कुणाचं काही चुकत नव्हतं. आपलं माणूस मोकळं आहे म्हणूनच ते येत होते, आणि करिश्मा प्रत्येकाला उठून हसून उत्तर देत होती. मधे मधे ती आजारांचे कोड टाकत होती आणि पुन्हा पुन्हा खोडत होती.

दुपार कलली. कसंबसं काम संपलं. तिनं दार लोटलं आणि खिडकीशी जाऊन बसली. भरती होती. पाणी चांगलं फुगलं होतं, पांढरं झालं होतं, पण त्यावर घर काही दिसेना. ना कौलं, ना ओसरी. कान दाराकडेच लागले होते. आता हाक येईल, आता येईल. खाली काळुराम खाकरलेच. तिनं डोळे मिटून घेतले आणि ती रडायच्या बेतात आली.

आणि पायाखालची फरशी थरथरली.

टेबलावरचा पेला किणकिणायला लागला. मग खिडकीच्या काचा. खालून, घराच्या अगदी मुळातून, एक जाडजूड घरघर उठली आणि भिंतीभिंतींतून वर चढत आली. वैशालीचा टीव्ही त्यात बुडाला, रस्त्यावरच्या रिक्षा बुडाल्या. काळुरामांची हाक अर्ध्यावर तुटली.

"गिरन चालू हाय!" ते कुणाला तरी दटावत होते. त्यांचा आवाज जेमतेम वरपर्यंत पोचला, आणि मग तोही गेला.

घर जागच्या जागी बसलं. सगळं कसं पूर्वीसारखं झालं. घरघर छातीत भरली, खांदे आपोआप सैल पडले, आणि करिश्मानं डोळे उघडले तर पाण्याच्या मधोमध कौलं चमकत होती. बगळे होते. ओसरी होती. ती हरखून बघत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग तिच्या लक्षात आलं, की दिवाळी तर केव्हाच होऊन गेली. दळायला कुणी काही दिलेलं नाही. घरात भाजणी भाजल्याचा वास नव्हता. गिरण चालू झाली की जिन्यातून वर येणारा ऊन पिठाचा वासही नव्हता. वास येत होता तो तापलेल्या दगडाचा.

ती उठून जिना उतरली. कुणी तिला हाक मारली नाही. ओट्यावर काळुराम स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेऊन पीत होते. तिला बघून त्यांनी गिरणीकडे बोट केलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

गिरणीचं दार किलकिलं होतं. करिश्मानं आत डोकावलं. पट्टा सळसळत फिरत होता. धान्य ओतायचा वरचा पत्र्याचा डबा तळापर्यंत कोरडा होता आणि खालच्या कापडी तोंडातून पिठाचा एक कणही पडत नव्हता. तुळसाबाई भिंतीला टेकून गोणपाटावर बसल्या होत्या, दुखरे गुडघे लांब करून, हात मांडीवर मोकळे टाकून. समोर मागच्या बाजूचा लहानसा झरोका होता. करिश्मानं तो झरोका इतक्या दिवाळ्यांत कधी पाहिला नव्हता. पाहिला असेल, पण त्यातून काय दिसतं ते पाहिलं नव्हतं. त्यातून तिवरांच्या वर खाडीची एक पट्टी दिसत होती, पांढरी.

पायलीभर तांदळाला अख्खी दुपार.

करिश्मा हाक मारणार नव्हती. नियम होता. तुळसाबाईंनीही मान वळवली नाही. झरोक्यावरची नजर न काढता त्यांनी एक पाय सावकाश बाजूला घेतला. त्यांच्या शेजारी दुसरं गोणपाट आधीच अंथरलेलं होतं, झटकून, चौपदरी घडी घालून.

करिश्मानं आतून कडी लावली आणि जाऊन त्यावर बसली. भिंत पाठीला थरथरत होती. दोघी बोलल्या असत्या तरी ऐकू आलं नसतं. झरोक्यातल्या पट्टीत पाणी हळूहळू चढत होतं आणि घर जागेवर होतं. फक्त आत आता आणखी एक खुर्ची लागणार होती.